मुदतीचे घर



आपली वसंत व्याख्यानमाला आणि गुढीपाडवा यांचे दिवस जवळजवळचे. मुरुडच्या पंचक्रोशीत पाडवा हा केवळ गुढी उभारण्याचा आणि कडुनिंब चाखण्याचा दिवस नव्हे. जुनी मुदत संपण्याचा आणि नवी लागण्याचाही तो दिवस होय. सालगड्याचे साल पाडव्याला भरते. बटईची बोलणी पाडव्याच्या आगेमागे होतात. ठोक्याने दिलेले रान त्याच माणसाकडे राहावयाचे की दुसऱ्याच्या हाती जावयाचे, याचा निकालही याच सुमारास लागतो. म्हणून 'मुदत' म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. ज्याला रान पुढे चालवावयाचे असते तो पाडव्याची वाट पाहत घरी बसत नाही. त्याच्या कितीतरी आधीपासून मालकाच्या ओसरीवर त्याच्या चकरा सुरू होतात.

पण याच गावातील मुलगा मुंबईस जातो, नोकरीस लागतो, हप्त्याहप्त्याने पैसे भरून तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतो, आणि आपल्या घराचा पाडवा कधी आहे हे मात्र तो विचारीत नाही. आपल्या घरालाही पाडवा असू शकतो, ही कल्पनाच त्याला शिवत नाही.

आमच्या परिचयाच्या एका सेवानिवृत्त गुरुजींची हकिकत सांगतो. त्यांनी भविष्यनिर्वाह निधीची बरीचशी रक्कम घालून मुलाला मुंबईच्या एका उपनगरात जागा घेऊन दिली होती. पुढे मुलाची बदली झाली. जागा विकावयाचे ठरले, गिऱ्हाईकही मिळाले. गिऱ्हाइकाला कर्ज देणाऱ्या बँकेने कागद मागितले, आणि तेव्हा प्रथमच असे समजले की इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती गृहनिर्माण संस्थेच्या मालकीची नाही. ती भाडेपट्ट्याने घेतलेली आहे आणि त्या पट्ट्याची मुदत संपून काही वर्षे लोटली आहेत. बँकेने कर्ज नाकारले, व्यवहार मोडला. गुरुजी आम्हाला म्हणाले, "घर आमचे आहे हे खरे. पण ते ज्यावर उभे आहे ते कुणाचे, हे चाळीस वर्षांत आम्हाला कुणी सांगितले नाही, आणि आम्हीही कुणाला विचारले नाही."

गुरुजींच्या या एका वाक्यात आजच्या व्याख्यानाचा सर्व विषय आला. भाडेपट्ट्यावरील घराची मुदत वाढविणे हा वरवर पाहता वकिलांचा आणि मुद्रांकांचा प्रश्न दिसतो. वस्तुतः तो इतिहासाचा प्रश्न आहे. मुदत ठरविणारा एक, मुदत वाढविणारा दुसरा आणि त्या मुदतीवर जगणारा तिसराच, असे नाटक आपल्या प्रदेशाने अनेकदा पाहिले आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. भाडेपट्टा म्हणजे मालकी न देता, ठराविक काळापुरता, मोबदला घेऊन दिलेला उपभोगाचा हक्क. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने त्याची व्याख्या केली आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणी केलेल्या दस्तानेच करावा लागतो. मुदत भरली की पट्टा आपोआप संपतो. त्यासाठी दवंडी पिटावी लागत नाही. मुदत संपल्यावरही भाडेकरू तेथेच राहिला आणि मालकाने भाडे स्वीकारले, तर सामान्यतः त्याचे राहणे महिन्या-महिन्याचे किंवा वर्षा-वर्षाचे समजले जाते. म्हणजे ज्याच्याकडे काल ९९ वर्षांचा हक्क होता, त्याच्याकडे आज पुढच्या महिन्याचा तेवढा उरतो. भिंती त्याच, खिडक्या त्याच, देवघर तेच. बदललेले दिसत काहीच नाही.

येथे दोन शब्दांतील भेद ध्यानी घ्यावा. मुदतवाढ म्हणजे जुनाच पट्टा पुढे चालणे. नूतनीकरण म्हणजे जुना पट्टा संपून नवा होणे. त्याला नवा दस्त लागतो आणि अटीही नव्या लागू शकतात. व्यवहारात आपण दोहोंना 'मुदत वाढवून घेतली' असेच म्हणतो; परंतु खंड किती वाढेल आणि अटी कोणत्या पडतील, हे या भेदावर अवलंबून असते.

मुदत सरत आली की घराचे काय होते, हे शहरातल्या माणसापेक्षा शेतकऱ्याला अधिक चांगले कळते. ठोक्याच्या शेवटच्या वर्षी रानात शेणखत कोण टाकतो? बांध कोण घालतो? विहिरीचा गाळ कोण काढतो? 'पुढच्या साली रान आपले राहील न राहील,' असे म्हणून प्रत्येकजण हात आखडता घेतो. इमारतीचेही तसेच. मुदतीची शेवटची वर्षे आली की गच्ची गळू लागते, जिन्याचे कठडे निखळतात, आणि दुरुस्तीसाठी वर्गणी मागावयास गेले की ज्याचे त्याचे दार बंद. बँक कर्ज देत नाही, गिऱ्हाईक पुढे येत नाही, पुनर्बांधणीस कोणी धजत नाही.

आता इतिहासाकडे वळू, आणि तो आपल्या दारापासूनच सुरू करू. १९८२ च्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा झाला, तोपर्यंत मुरुड हे धाराशिव जिल्ह्यातले गाव. त्या धाराशिव-नळदुर्गच्या मुलखाचीच एक गोष्ट आहे. निजामाच्या खर्चाने पोसलेली पण इंग्रजांच्या हुकमतीखालची 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची फौज होती. तिच्या खर्चाची थकबाकी चढत गेली आणि तिच्या पोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा मुलूख निजामाने कंपनीच्या कारभाराखाली दिला. मालकी निजामाची, वहिवाट कंपनीची. ठगांवरील कादंबरीमुळे प्रसिद्ध झालेला कॅप्टन मेडोज टेलर हा नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहू लागला. हा मुलूख किती वर्षांसाठी दिला, याची तारीख कोठेच नव्हती.

सात वर्षांनी, १८६० मध्ये, नवा तह झाला. मधल्या १८५७ च्या धामधुमीत हैदराबाद दरबार इंग्रजांच्या बाजूने राहिला होता, त्याचे हे बक्षीस. सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले. धाराशिव आणि रायचूर निजामाकडे परत आले. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी सोडले नाही. सर सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाले आणि १८८३ मध्ये त्यांचा अंत झाला. या तीस वर्षांत वऱ्हाड परत मिळावे म्हणून त्यांनी जंग जंग पछाडले, पण व्यर्थ. अखेर १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन आणि निजाम महबूब अली खान यांच्यात करार झाला आणि वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या खंडावर इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने मिळाले. 'कायमच्या' हा शब्द ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १९४७ मध्ये इंग्रज गेले, १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. म्हणजे या कायमच्या पट्ट्याला पन्नाशीही गाठता आली नाही. १९५६ मध्ये वऱ्हाड आणि मराठवाडा दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात.

या सर्व देवघेवीत नळदुर्गच्या रयतेला कोणी काही विचारले का? धाराशिवच्या पाटील-कुलकर्ण्यांना? एलिचपूरच्या शेतकऱ्याला? नाही. ज्यांचा सारा, ज्यांची न्यायकचेरी, ज्यांचा उभा संसार त्या मुदतीवर अवलंबून होता, त्यांचे नाव कागदावर नव्हते. आमच्या मते भाडेपट्ट्याच्या इतिहासातले मर्म हेच आहे: मुदतीवर जो जगतो तो बहुधा कागदाबाहेर असतो.

दुसरे उदाहरण याहून जवळचे, मुरुडच्या स्टेशनाचे. आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींना बार्शी लाइट रेल्वेची अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी छोटी गाडी चांगली आठवत असेल. ही रेल्वे सरकारची नव्हती. विलायतेत नोंदलेल्या एका कंपनीची होती. १ ऑगस्ट १८९५ रोजी कंपनी आणि भारतमंत्री यांच्यात करार झाला आणि त्यात सरकारने एक वाट राखून ठेवली: ठराविक वेळी, आगाऊ सूचना देऊन, रेल्वे विकत घेता येईल. १८९७ मध्ये बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, गाडी बार्शीस आली. १९११ मध्ये ती मुरुडवरून लातूरला पोहोचली. लातूरच्या बाजारपेठेचे दैव त्या गाडीने पालटले. पण करारातली ती वाट उघडीच होती. डिसेंबर १९५२ मध्ये सरकारने सूचना दिली आणि १ जानेवारी १९५४ पासून रेल्वे सरकारच्या ताब्यात गेली.

कंपनीला किंमत मिळाली, सरकारला रेल्वे मिळाली. कामगारांचे काय? ३१ डिसेंबर १९५३ पासून त्यांच्या नोकऱ्या संपल्याच्या नोटिसा कंपनीने दिल्या. सरकारने त्यांतील बहुतेकांना पुन्हा कामावर घेतले. परंतु जुन्या नोकरीच्या नुकसानभरपाईचा प्रश्न उरला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५६ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की धंदाच मालकाच्या हातून गेला असता त्याला कायद्यातील 'कामगार कपात' म्हणता येत नाही. सबब कपातीची भरपाई नाही. करार कंपनी आणि सरकार यांचा होता, कामगार त्यात कोठेच नव्हते. मात्र गोष्ट तेथे संपली नाही. दुसऱ्याच वर्षी, १९५७ मध्ये, संसदेने औद्योगिक विवाद कायदा दुरुस्त केला आणि धंद्याचे हस्तांतरण होताना किंवा तो बंद पडताना कामगाराला भरपाई मिळण्याची तरतूद घातली. आपल्या या छोट्या गाडीचे कामगार स्वतः खटला हरले. पण त्यांच्या निमित्ताने सबंध देशातल्या कामगारांना कायद्याचा आधार मिळाला. कागदात नाव नसलेल्यांनी एकत्र येऊन विचारले, म्हणून हे घडले.

तिसरे उदाहरण आपल्या रानातले. निजामी अमलात दुसऱ्याचे रान कसणारा शिकमी वर्षानुवर्षे तेच रान कसत असे, पण त्याचा पट्टा बहुधा तोंडीच. १९४५ मध्ये शिकमींच्या संरक्षणाचा कायदा आला. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने 'संरक्षित कूळ' हा वर्ग निर्माण केला, आणि १९५४ च्या दुरुस्तीनंतर अशा कुळाला मालकी मिळण्याचा मार्गही खुला झाला. कायदा उत्तम होता. परंतु पुढे काय घडले? अर्थशास्त्रज्ञ ए. एम. खुस्रो यांची हैदराबाद राज्यातील पाहणी १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. १९५१ मध्ये संरक्षित ठरलेल्या शंभर कुळांपैकी चार वर्षांनी सुमारे ४५ कुळेच संरक्षित उरली होती. १२ कुळांनी जमीन विकत घेतली होती. बाकीच्यांपैकी कायदेशीर मार्गाने निघालेली अगदी थोडी. सुमारे २२ कुळे बेकायदा हुसकावली गेली होती आणि सुमारे १७ कुळांनी 'स्वखुशीने' राजीनामे दिले होते. स्वखुशी या शब्दाचा अर्थ खेड्यात राहणाऱ्या माणसाला आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही.

तेव्हा कायदा असणे ही अर्धीच गोष्ट. ज्याच्यासाठी तो आहे त्याला तो ठाऊक असणे, आणि त्याने एकट्याने मालकासमोर उभे न राहता चौघांसह उभे राहणे, ही उरलेली अर्धी.

हे तीन धडे मनाशी धरून आता गुरुजींच्या मुलामागे मुंबईस जाऊ. ती मुंबई स्वतःच एके काळी खंडाने दिलेली. १६६१ च्या विवाहकरारात ती पोर्तुगालकडून दुसऱ्या चार्ल्सला आंदण मिळाली, आणि १६६८ मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वार्षिक दहा पौंडांच्या खंडावर देऊन टाकली. कायदेपंडित याला शुद्ध भाडेपट्टा म्हणणार नाहीत. परंतु या नगरीच्या नशिबी जमिनीचा धनी एक आणि वसणारा दुसरा, ही रीत आरंभापासून आहे, एवढे त्यावरून कळावे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्यांत माणसे मेली, हजारो पळाली. त्यानंतर १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या, भूखंड पाडले. पण ते सामान्यतः विकून न टाकता दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. त्यामागचा विचार वाईट नव्हता. जमीन सार्वजनिक संस्थेच्या हाती राहिली तर बांधकामावर शिस्त राहील आणि वाढत्या किमतीचा वाटा समाजाला मिळेल, असा तो विचार होता. १९३३ मध्ये हा ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि त्याचे पट्टे महापालिकेकडे आले. समुद्र हटवून काढलेली जमीन सरकारची, गोदीलगतची बंदर विश्वस्तांची. तेथेही पट्ट्यांचीच रीत. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईत साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने भूखंड आणि घरे दिली. फार लांब कशाला, लातूरच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचा कारखाना आहे त्यांनी आपला दस्त काढून पाहावा. औद्योगिक विकास महामंडळाचा पट्टा सामान्यतः ९५ वर्षांचा असतो.

९९ वर्षे, ९५ वर्षे, साठ वर्षे. करार करणाऱ्याला हे आकडे अनंतासारखे वाटतात. आजोबा सही करतात, नातू विसरतो आणि पणतूच्या दारी नोटीस येते.

मुंबईतल्या घरात आणखी एक गुंतागुंत आहे. भाडेकरूंनी एकत्र येऊन स्वतःची घरे करावीत ही सहकाराची कल्पना रावबहादूर तालमकी यांनी मूर्त रूपात आणली. १९१५ मध्ये गावदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. पुढे १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आला, १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा आला. या व्यवस्थेत सभासदाच्या हाती भागपत्र असते, सदनिकेचा ताबा असतो; पण जमिनीचा पट्टा असतो तो संस्थेच्या नावे. कित्येक ठिकाणी तर तो अजून बांधकाम करणाऱ्याच्याच नावे राहिलेला असतो. म्हणून तर २००८ मध्ये 'मानीव अभिहस्तांतरणा'ची तरतूद करावी लागली. तात्पर्य, आपल्याकडे तिसऱ्या मजल्यावरचा एकटा माणूस आपल्या दोन खोल्यांपुरती मुदत वाढवून मागू शकत नाही. मागावयाची ती सगळ्या इमारतीने, ठरावाने, एका तोंडाने. नळदुर्गची रयत आणि रेल्वेचा कामगार जसा कागदाबाहेर, तसाच हा सदनिकाधारकही. फरक एवढाच की याला कागदात शिरण्याचे दार आहे, आणि त्या दाराचे नाव संस्थेची सर्वसाधारण सभा. पण त्या सभेस गणसंख्या पुरी होत नाही, हे आपण जाणताच.

हा प्रश्न इतर देशांनी कसा सोडविला, तेही पाहण्यासारखे आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये जमीन बड्या घराण्यांची आणि तीवरची घरे ९९ वर्षांच्या पट्ट्याची, ही जुनी रीत. दक्षिण वेल्सच्या कोळसा खाणींभोवती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कामगारांची घरे अशीच उठली. १९५० नंतर पट्टे संपू लागले आणि ज्यांनी घरासाठी पै-पैसा मोजला होता त्या कुटुंबांना कळले की आता घरही जमिनीच्या धन्याचे. केवढा गहजब उडाला! त्यातून १९६७ चा कायदा झाला. पट्ट्यावरच्या घराच्या रहिवाशाला जमीन विकत घेण्याचा किंवा पट्टा ५० वर्षांनी वाढविण्याचा हक्क मिळाला. १९९३ मध्ये सदनिकाधारकालाही ९० वर्षांची वाढ मागण्याचा हक्क आला, तीही नाममात्र खंडावर. तिकडे या नाममात्र खंडाला 'मिरीचा दाणा' म्हणतात. मात्र एक मेख होती: पट्ट्याची ऐंशी वर्षे उरण्यापूर्वी मागणी केली तर मोल कमी, ऐंशीच्या खाली गेल्यावर केली तर जास्त. २०२४ च्या कायद्याने ९९० वर्षांच्या वाढीची आणि ही मेख काढून टाकण्याची तरतूद केली. त्याची सारी कलमे एकदम अमलात आली नाहीत, पण दिशा स्पष्ट आहे. ज्यांची मुलेबाळे डॉक्टरकी करीत तिकडे स्थायिक झाली आहेत, त्यांना हे शब्द परिचयाचे असतील.

दुसरे उदाहरण हाँगकाँगचे. १८९८ मध्ये इंग्रजांनी चीनकडून तेथील मोठा भूभाग ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतला आणि त्या मोठ्या पट्ट्याच्या पोटात लोकांना घरांसाठी लहान पट्टे दिले. त्यांची मुदत मोठ्या पट्ट्याच्या तीन दिवस आधी संपणारी. १९८० च्या सुमारास लोकांच्या ध्यानात आले की घरासाठी पंधरा-पंधरा वर्षांची कर्जे द्यावयाची तर त्यांची मुदत १९९७ च्या पलीकडे जाते. १९७९ मध्येच गव्हर्नर मॅकलेहोस यांनी पेकिंगला जाऊन हा पट्ट्यांचा प्रश्न काढला होता. दोन महासत्तांची बोलणी सुरू होण्यास, निदान अंशतः, घरकर्जाच्या हप्त्यांची ही चिंता कारण झाली! १९८४ च्या संयुक्त जाहीरनाम्यात ठरल्याप्रमाणे हे पट्टे नव्या अधिमूल्याशिवाय २०४७ पर्यंत वाढले. खंड मात्र मालमत्तेच्या करपात्र मूल्याच्या ३ टक्के बसला. आणि पुढचे पट्टे संपण्याची वाट न पाहता २०२४ मध्येच त्यांच्या मुदतवाढीचा सर्वसाधारण कायदाही तेथे झाला. मोठ्या पट्ट्याचा धनी बदलला, ध्वज बदलला. पण घरातली माणसे घरातच राहिली. कारण प्रश्न सतरा-अठरा वर्षे आधी विचारला गेला.

आपल्या राज्यानेही काही केलेच नाही असे नाही. शासकीय जमिनींपुरते बोलावयाचे तर ८ मार्च २०१९ च्या नियमांनी, मोबदला भरून, भाडेपट्ट्याची आणि भोगवटादार वर्ग २ ची जमीन वर्ग १ करून घेण्याची वाट मोकळी केली. मराठवाड्याला 'वर्ग २' हा शब्द नवा नाही. इनामी रानाच्या निमित्ताने त्याने अनेक घरांची झोप उडविली आहे. रान असो की सदनिका, प्रश्न एकच: जेथे आपण पिढ्यान्‌पिढ्या राहिलो तेथे शासनाच्या वहीत आपण कोण?

जमीन सार्वजनिक संस्थेने हाती राखू नये, ती फुकट वाटून टाकावी, असे आमचे म्हणणे नाही. जमिनीची किंमत शंभर वर्षांत वाढली ती एकट्या घरमालकाच्या कर्तृत्वाने नव्हे; रस्ते, पाणी, आगगाडी, बाजार यांनी ती वाढविली आहे, आणि त्यात समाजाचा वाटा असणे न्याय्यच आहे. मिरीच्या दाण्यावर मोक्याची जागा धरून बसणे हाही अन्यायच. पण खंड किती वाढणार, कोणत्या सूत्राने वाढणार, हे मुदत संपल्यावर कचेरीत बसून न ठरता मुदत सुरू होताना कागदावर ठरले पाहिजे, आणि ते तेथे राहणाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत ठरले पाहिजे. शेवटच्या दिवशी सौदा करणारे दोन पक्ष कधीच बरोबरीचे नसतात. एकाकडे वेळ असतो, दुसऱ्याचा संसार उघड्यावर पडावयाचा असतो.

आपल्या करण्याजोगे काय, ते थोडक्यात सांगतो. ज्यांच्या मुलांनी शहरात घर घेतले आहे त्यांनी या सुटीत मुलगा गावी आला की त्याला चार प्रश्न विचारावेत. जमीन मालकीची की पट्ट्याची? पट्टा असेल तर कोणाच्या नावे? मुदत कोणत्या तारखेस भरते? आणि नूतनीकरणाचे कलम दस्तात आहे काय? उत्तर 'माहीत नाही' असे आले तर रागावू नये. त्याला परत गेल्यावर संस्थेच्या सचिवाकडून दस्ताची नक्कल आणावयास सांगावे, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत, इतर सभासदांना सांगून-सवरून, हा विषय घ्यावयास लावावा. ज्यांचे घर अद्याप घ्यावयाचे आहे त्यांनी फरशीचा रंग पाहण्यापूर्वी पट्ट्याची तारीख पाहावी.

गुरुजींची गोष्ट अर्धी राहिली होती. त्यांच्या मुलाच्या संस्थेत अखेर सभा भरली. प्रथम कोणी दस्त शोधावा यावर वाद झाला; मग एका जुन्या सभासदाच्या कपाटात पिवळी पडलेली प्रत सापडली. नूतनीकरणाचे कलम तिच्यात होते, पण त्यासाठी मुदतीपूर्वी लेखी मागणी करावी असेही त्यात लिहिले होते, आणि ती मागणी कोणी केलेली नव्हती. आता सर्व सभासदांच्या सह्यांनी अर्ज गेला आहे. उत्तर यावयाचे आहे. गुरुजी दर आठवड्यास मुलाला विचारतात, "काही कळले का?" आणि इकडे आपले ठोक्याने दिलेले रान पुढील सालीही त्याच माणसाकडे ठेवावयाचे, हे मात्र त्यांनी यंदा पाडव्याच्या महिनाभर आधीच त्या माणसाला सांगून टाकले. या वेळी त्यांनी ते कागदावर लिहून घेतले, आणि त्या कागदावर त्याचे नाव स्वतःच्या हाताने घातले.